जाळ्याची गाठ

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईला तर नाहीच. आज तुम्हाला सांगायला बसले आहे, आणि तरी बघा, सुरुवात कुठून करावी ते कळत नाही.

साकोलीत हायवेला माझं भांड्यांचं दुकान आहे. एका पत्र्याच्या टपरीतून मी ते उभं केलं, कोणाचा हात न धरता. भाव करण्यात मला कोणी हरवत नाही, आणि माझा राग दुकानांच्या सगळ्या लाइनीला माहीत आहे. भंडाऱ्याचा होलसेलवाला फार ताणायला लागला की मी त्याला एक गोष्ट ऐकवते. नववीत असताना सरांनी माझी जिल्ह्याची संधी दुसऱ्या मुलीला दिली, आमचं मॉडेल बुडालं, तेव्हापासून मी कोणाला फसवू देत नाही. मग भाव खाली येतो. मागच्या महिन्यातही सांगितली. आणि तो गेल्यावर प्रथमच माझा मलाच वीट आला.

कारण गोष्ट खरी आहे — निम्मी.

आमची शाळा एकोडीची. गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यापासून जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात शाळा कमी झाल्या होत्या, नंबर लागायची आशा वाढली होती. सर वर्गात तेच सांगायचे. मी आणि वैशालीनं मिळून बोर्ड केला. वैशाली मामाकडे राहून शिकायची. तिचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली जाणार होतं. वडील मासेमारी करायचे. बोर्डाच्या डाव्या बाजूला वैनगंगेतल्या माशांची चित्रं, उजवीकडे त्यांची नावं, प्रत्येकाजवळ एक खिळा. येणाऱ्यानं एक तार चित्राच्या खिळ्याला लावायची, दुसरी नावाच्या. जोडी जुळली की बल्ब पेटायचा. लोकांनी स्वतः हात लावून खेळायचं, ही कल्पना माझी. प्लायवूड मी सुताराशी भांडून फुकट आणलं होतं. मासे आणि मागच्या तारा वैशालीच्या.

त्या तारा ती कशी बांधायची, ते सांगायला हवं. तार खिळ्याला गुंडाळायची आणि वरून दोऱ्याची गाठ — जाळं विणताना मारतात तशी, ओढली की आणखी घट्ट होणारी. वडिलांनी शिकवलेली. मला ती कधी जमली नाही.

तालुक्याचं प्रदर्शन साकोलीला होतं. आदल्या दिवशी सरांनी सांगितलं, नंबर आला तर भंडाऱ्याला एकच विद्यार्थी जाईल, आणि ती वैशाली. का? तिला वायरिंग येतं म्हणून. मी विचारलं, आणि प्लायवूड? कल्पना? सर हसले. म्हणाले, तुला बोलता येतं, तू कुठंही खपशील. ते हसणं मी अजून विसरले नाही. खोटं कशाला बोलू — आजही आठवलं की कानशिलं तापतात.

पण राग आला म्हणून माणूस काय काय करतं?

जेवणाच्या सुट्टीत हॉल रिकामा झाला. मी बोर्डामागे गेले, पेन्सिल तासायच्या ब्लेडनं दोन गाठी कापल्या आणि मरळ आणि वाम यांच्या नावांच्या तारा अदलाबदल करून नुसत्या पिळून ठेवल्या. हिशोब पक्का होता. परीक्षकांसमोर बोर्ड चुकणार, वैशाली गांगरणार, मी मागे जाऊन अर्ध्या मिनिटात दुरुस्त करणार. मग वायरिंग कोणाला येतं? कोण जाईल भंडाऱ्याला?

वैशालीचे बाबा येतील, हे माझ्या हिशोबात नव्हतं.

ते दोन गाड्या बदलून आले होते. इस्त्रीचा सदरा, पायातल्या चपला त्यांनी हॉलच्या दाराशी काढून ठेवल्या होत्या, जसं देवळात यावं. ते बोर्डापाशी पोचले आणि मागोमाग परीक्षक आले. मासेमारी करणारे आहेत म्हटल्यावर परीक्षकांना गंमत वाटली. म्हणाले, आज परीक्षा तुम्हीच द्या.

त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी बोट ठेवलं ते मरळच्या चित्रावर. नाव सांगितलं, वैशालीनं त्या नावाचा खिळा दाखवला, त्यांनी तार टेकवली. बल्ब पेटला नाही. त्यांनी तार सदऱ्याला पुसली आणि पुन्हा लावली. नाही. परीक्षकांनी सहज म्हणून ती तार वामच्या नावाच्या खिळ्याला लावली, आणि लख्ख उजेड.

वाम सापासारखी लांब असते. मरळ जाड डोक्याचा. जन्मभर ज्यांनी दोन्ही हातांनी ते मासे धरले, त्यांनी त्या बल्बकडे पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं, आणि म्हणाले,

"मंग वामच असन साहेब. पोरीचा बोर्ड खोटं कायले सांगन?"

बाजूची पोरं हसली.

हीच माझी वेळ होती. ठरवल्याप्रमाणे मागे जायचं, दोन तारा बदलायच्या. प्रदर्शन वाचलं असतं, त्यांचा शब्दही वाचला असता. चार पावलं होती हो. मी गेले नाही. का नाही गेले? वीस वर्षं उत्तर शोधते आहे आणि जे सापडतं ते दरवेळी अधिक वाईट असतं. मला वाटतं, मला ते बघायचं होतं.

मागे गेली वैशाली. फार वेळ नाही लागला तिला. बाहेर आली तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. परीक्षकांना म्हणाली, "बाबा बरोबर आहेत सर. तो मरळच आहे. तारा मीच चुकीच्या बांधल्या."

परीक्षकांनी काहीतरी लिहिलं आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले. नंबर दुसऱ्या शाळेचा आला. भंडाऱ्याला आमच्यातलं कोणीच गेलं नाही.

परतीच्या गाडीत ती माझ्याच शेजारी बसली. एकोडीला उतरताना तिनं माझ्या हातात ब्लेड ठेवलं. "तुही ब्लेड मांगंच राह्यली होती." एवढंच. सरांना सांगितलं नाही, वर्गात नाही, कोणालाच नाही. दहावीला ती शाळेत नव्हती. बापाकडे नव्या गावठाणात गेली, असं ऐकलं. माझ्यामुळे की कशामुळे, ते विचारायला मी गेले नाही. गावठाण काही लांब नाही. मालाची गाडी तिकडून कितीदा गेली.

आणि शाळेत मीच बोलत राहिले — मला पाठवायचं ठरलं असतं तर बोर्ड बुडाला नसता. लोकांनी मानलं. हळूहळू मीही मानलं.

पण हॉलच्या दाराशी चपला घालताना तिचे बाबा जे बोलले, ते मी ऐकलं होतं. रागावले नव्हते. तिच्या डोक्यावर हात ठेवून, हळू आवाजात म्हणाले,

"पुढच्या बारीनं गाठ पक्की मारजो बेटा."

ती हो म्हणाली.

गाठी पक्क्याच होत्या. दोन्ही कापताना मला जोर लावावा लागला होता.