चंद्रा, मी आणि बाराचा स्पीड

आमच्या घरात सगळ्यात जास्त किलोमीटर धावलेला माणूस मी आहे आणि एवढं धावून मी हॉलच्या बाहेर गेलेलो नाही.

हॉलमध्ये ट्रेडमिल आहे. टीव्हीसमोर, पंख्याखाली, म्हणजे सोफा जिथं असायला हवा बरोबर तिथं. मला मुळात एका जागी बसवत नाही. बँकेत गिऱ्हाईक सही करत असतं तेव्हा काउंटरखाली माझा पाय हलत असतो, आणि लग्नात अक्षता पडेपर्यंत मी मांडवाला दोन-चार चकरा मारून आलेलो असतो. शेवटी बायकोनंच सांगितलं की ही वळवळ कुठंतरी जिरवा. म्हणून ट्रेडमिल आली. साधं धावून माझं भागेना म्हणून इंटर्व्हल सुरू केले. इंटर्व्हल म्हणजे थोडा वेळ जीव खाऊन पळायचं, थोडा वेळ दम घ्यायचा आणि पुन्हा जीव खाऊन पळायचं. ट्रेडमिलवर हे फार सोपं असतं. बटण दाबलं की पट्टा बाराच्या स्पीडनं सुटतो, दुसरं दाबलं की पाचावर येतो. मधेच थांबावंसं वाटलं तरी थांबता येत नाही, कारण थांबलो की मागच्या शोकेसमध्ये जाऊन पडणार. (एकदा पडलोय. त्या शोकेसला आता काच नाही.)

बायको वैशाली रोज सकाळी रंकाळ्यावर धावायला जाते. तिच्या मते ट्रेडमिलवरचं धावणं हे धावणंच नव्हे. बाहेर वारा असतो, चढ असतो, खड्डे असतात, कुत्री असतात, आणि त्या सगळ्यांना पुरून उरतो तो धावपटू. मी म्हणायचो, कुत्री मागं लागतात म्हणूनच तुझा वेग दिसतो. ती म्हणायची, तुमच्या मागं तर शोकेस लागलंय. हा वाद आमच्याकडे चहाबरोबर निघायचा आणि चहाबरोबर संपायचा.

मग शहरात थंडीत रिले शर्यत आहे असं कळलं. एका घरातल्या चौघांचा संघ. वैशाली, तिचा धाकटा भाऊ संजू आणि संजूची बायको हे तिघं ठरले, आणि चौथा मी हे मी गृहीत धरलं. सासऱ्यांनी धरलं नव्हतं. सासऱ्यांना मी मामा म्हणतो. ते गडमुडशिंगीला शेतावर राहतात, साठी कधीच उलटलीय, आणि बसची वाट बघणं हा त्यांना वेळेचा अपव्यय वाटतो. रविवारी त्यांच्याकडे जेवायला बसलो होतो तेव्हा त्यांनी आमटीत भाकरी कुस्करत शांतपणे जाहीर केलं की चौथे ते स्वतः.

मी हसलो. हसायला नको होतं.

"मी रोज मळ्यात जाऊन येतोय," मामा म्हणाले. "पावणं कुठं जाऊन येत्यात?"

वैशाली कांदा चिरायला उठून आत गेली. (कांदा ताटात होता.) मला ते लागलं, फार लागलं. रिलेचा रस्ता आमच्या बँकेवरून जातो. सासरा धोतर खोचून धावतोय आणि जावई फुटपाथवर चौघांच्या पिशव्या सांभाळतोय, हे दृश्य आमच्या मॅनेजरनं एकदा बघितलं असतं तर मला बदली मागून घ्यावी लागली असती. मी छाती पुढं काढून सांगितलं की मी बाराच्या स्पीडनं इंटर्व्हल मारतो, एक नाही, सहा सहा.

"दाजी," संजू म्हणाला, "पट्टा पळतोय. तुमी जागेवर उड्या मारताय."

शेवटी ठरलं ते असं. पुढच्या रविवारी मळ्याच्या रस्त्यावर माझी परीक्षा. सगळे इंटर्व्हल बाराच्या स्पीडनं झाले तर चौथी जागा माझी, नाहीतर मामांची. बाहेर स्पीड कळणार कसा, असं मी विचारलं, कारण रस्त्याला बटण नसतं. त्यावर संजूनं डोकं लढवलं. तो मोटरसायकल घेऊन पुढं राहणार, काटा बारावर धरणार, आणि मी फक्त मागचा दिवा सोडायचा नाही. कल्पना इतकी चोख होती की आम्ही सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, गळ्यात घुंगरं बांधायची, आणि मालकानं पुढं मोटरसायकल पळवायची. म्हैस त्या गाडीचा आवाज ओळखून तिच्यामागं सुटते. त्यासाठी आधी काही आठवडे सराव चालतो. गाडीचा सायलेन्सर काढून ठेवायचा, फटफटाट करायचा, ठरलेली आरोळी ठोकायची, आणि म्हैस शेवटपर्यंत नीट पळाली की तिला गुळाचा खडा द्यायचा. संजूची चंद्रा नावाची म्हैस याच सरावात होती, याच गाडीमागं, याच रस्त्यावर. हे मला माहीत होतं. वैशालीला माहीत होतं. मामांना आणि संजूला तर माहीत होतंच. एवढं असून त्या रविवारी आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात काही आलं नाही!

रविवारी सकाळी मी नारंगी टी-शर्ट घालून हजर झालो. कमरेला छोटी पिशवी, तिच्यात गूळ आणि शेंगदाणे. धावणारी माणसं मधे खायला काहीतरी जवळ ठेवतात, आणि कोल्हापुरात राहून मी गूळ सोडून दुसरं काय ठेवणार? वैशाली मोबाइल घेऊन मोजायला उभी. मामा पंच म्हणून रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसलेले. ते नुकतेच चंद्राला कालव्यावर धुऊन आले होते; तिच्या गळ्यात सरावाची घुंगरं होती, आणि तिचा कासरा त्यांनी हाताला गुंडाळलेला होता.

पहिल्या इंटर्व्हललाच मला कळलं की जमीन हलत नाही. ट्रेडमिलवर पाय उचलला की बाकीचं पट्टा बघतो. इथं पाय उचलला की तो पुढं कुठं ठेवायचा हेही आपणच बघायचं! वारा समोरून येत होता, पंख्यासारखा वरून नाही. नाकात धूळ, पायाखाली खडी, दोन्ही बाजूला ऊस, आणि त्या उसातून कोणीतरी माझ्याकडे बघून हसतंय असं सारखं वाटायला लागलं. दुसऱ्या इंटर्व्हलला संजूच्या गाडीचा दिवा काडेपेटीएवढा दिसू लागला. तिसऱ्याला मी बुटाची नाडी बांधायला खाली बसलो. (नाडी बांधलेलीच होती.) लांब मोरीवर मामा नुसते खाकरले, पण ते खाकरणं मला शर्यतीच्या निकालासारखं ऐकू आलं.

संजूचं मन मोठं. दाजी हरतायत हे बघून त्यालाच वाईट वाटलं. त्यानं गाडी वळवून माझ्याजवळ आणली, पुन्हा तोंड फिरवून माझ्या पुढं लावली, मला हुरूप यावा म्हणून मूठ पिळून फटफटाट केला, आणि सवयीनं तोंडातून जी आरोळी निघाली ती त्यानं पूर्ण दमानं ठोकली.

मामांच्या हातातून कासरा गेला.

मागून घुंगरं वाजायला लागली. मला वाटलं, कोणी सायकलवरून चाललंय, म्हणून मी सभ्यपणे कडेला झालो. घुंगरंही कडेला झाली. मी वळून बघितलं, आणि पुढचं मला तुकड्यातुकड्यात आठवतं. संजूची गाडी माझ्या शेजारी होती आणि मग माझ्या मागं होती, हे नक्की आठवतं.

"दाजी, काटा अठरावर हाय," संजू ओरडला.

"थांबव!"

"गाडी का म्हस?"

उजवीकडे वळावं तर ऊस, डावीकडे वळावं तर कालवा. संजूनं गाडी पुढं काढून तिला आपल्यामागं ओढायचा प्रयत्न केला, पण चंद्राचं लक्ष गाडीकडे नव्हतंच. गाडीचा आवाज हा तिच्या लेखी फक्त निरोप होता, आणि गूळ माझ्या कमरेला होता. हे ध्यानात आलं तसा मी कमरेचा पट्टा सोडला आणि पिशवी मागं भिरकावली. चंद्रा जागच्या जागी थांबली. तिनं गूळ खाल्ला, शेंगदाणे खाल्ले, पिशवीही थोडी चावून बघितली. मी तोपर्यंत उसाच्या पाण्याच्या पाटात बसलो होतो, आणि कधी नव्हे ते मला उठावंसं वाटत नव्हतं.

वैशाली धावत आली. तिनं आधी मोबाइल बघितला, मग मला. त्या शेवटच्या पळण्याची सरासरी बाराच्या खूप वर निघाली होती! मी पाटातूनच जाहीर केलं की चौथी जागा माझी.

"येग पावण्यांचा न्हाय," मामा कासरा गोळा करत म्हणाले. "येग चंद्राचा हाय. आता एकदा बिनम्हशीचं पळून दावा."

मी पळालो. जे पहिलं बाभळीचं झाड आलं तिथपर्यंत गेलो आणि त्याला धरून उभा राहिलो. बाभळीला धरून उभं राहण्याची वेळ कोणावर येऊ नये. जागा मामांची झाली, आणि त्यांनी त्याच दिवशी संजूकडून बुटासाठी पायाचं माप काढून घेतलं.

पुढचे काही दिवस माझे फार वाईट गेले. ट्रेडमिलवर चढलो की पट्टा पळतोय, मी उड्या मारतोय, हेच डोक्यात. उतरलो की पाय हलत राहायचा. रात्री झोपेत मी वैशालीला लाथा मारत होतो असं तिचं म्हणणं आहे, आणि मी ते नाकारत नाही.

मग संजूचा फोन आला. आवाज पडलेला. चंद्रा पळेना झाली होती. सायलेन्सर काढला, आरोळ्या ठोकल्या, गूळ दाखवला, पण ती रस्त्यात उभी राहून शहराच्या दिशेनं बघत बसायची. गावातल्या एका पोरानं सहज नारंगी शर्ट घातला तर त्याच्यामागं चार पावलं गेली, वास घेतला, आणि तोंड फिरवून परत आली. तिला शिकवलं गेलं होतं की गाडी वाजली की नारंगी माणूस पकडायचा, म्हणजे पिशवीभर गूळ मिळतो. शिकवणारा मी होतो. संजूनं आठवडे घालवून जे केलं ते मी एका सकाळी पुसून टाकलं होतं. इकडे पाडवा तोंडावर आलेला, आणि मामांनी गावभर सांगून ठेवलेलं की यंदा आमची म्हैस बघा.

"दाजी," संजू म्हणाला, "तेवढा नारंगी शर्ट घालून येता काय?"

मी मामांना फोन द्यायला सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा मी खुर्चीत पाय न हलवता बसलो होतो. येतो, पण रिलेचं काय, एवढंच मी विचारलं. मामा म्हणाले, "चंद्रा पळाली तर जागा तुमची."

पाडव्याला अर्धं गाव रस्त्यावर होतं. हलगी कडाडत होती. पाच-सहा म्हशी रांगेत, प्रत्येकीच्या पुढं मोटरसायकल, तिच्यावर फेटा बांधलेला मालक. चंद्राच्या पुढं मी! पायी, फेट्यात, नारंगी टी-शर्टात, कमरेला गूळ बांधून. एका आजोबांनी आपुलकीनं विचारलं, "पावणं, गाडी बंद पडली व्हय?" सगळ्या गाड्या एकदम फटफटल्या, आणि मला ट्रेडमिल, बटणं, रिले, बँक, मॅनेजर, काही म्हणता काही आठवेना. फक्त घुंगरं ऐकू येत होती आणि ती जवळ येत होती. शेवटची रेघ मी ओलांडली, माझ्या पाठीला नाक लावून चंद्रानं ओलांडली, आणि बाकीच्या म्हशी नंतर आल्या.

लोकांनी गुलाल उधळला तो चंद्रावर. हार घातला तोही तिलाच. मी गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकत पंचांकडे गेलो आणि म्हणालो, तिच्या पुढं मी होतो, म्हणजे पहिला मीच आलो. पंचांनी मला खालून वर बघितलं.

"पावणं, मोटरसायकलीला कोण नंबर देतंय व्हय?"

मामा मात्र शब्दाचे पक्के. तिथंच, सगळ्यांच्या देखत, त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारून सांगितलं की रिलेतली जागा जावयाची. मला इतका आनंद झाला की उरलेला गूळ मी स्वतः खाल्ला.

पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते. संध्याकाळी मामांच्याच घरी मी पाटावर बसलो, टोपी घातली, आणि वैशाली ताम्हन घेऊन माझ्यावरून पुढं गोठ्यात गेली. आधी चंद्राला ओवाळलं, कुंकू लावलं, शिंगाला हात लावून नमस्कार केला. मग त्याच ताम्हनातल्या निरांजनात तेल घालून माझ्याकडे आली. मी विचारलं, हे काय, नवऱ्याच्या आधी म्हैस?

"ती थांबली असती," वैशाली कुंकवाचं बोट माझ्या कपाळावर टेकवत म्हणाली, "तर तुम्ही पळाला असता?"

रात्रीचं जेवण होईपर्यंत कसाबसा दम धरला, मग अंगणात येऊन, कोणी ऐकत नाही ना हे बघून, रिलेच्या आयोजकांना फोन लावला आणि विचारलं की शेवटच्या धावपटूच्या मागं म्हैस चालेल का. पलीकडच्या बाई एक मिनिट म्हणाल्या. तेव्हापासून ते लोक माझा फोन उचलत नाहीत.