माझं निर्माल्य, क्वामेची खोली

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्ही म्हणाल, एका नारळाची ती काय गोष्ट! ऐका तरी.

जपानमधल्या उरायासूत आम्ही नवे होतो. नवऱ्याचं आयटीचं काँट्रॅक्ट वर्षावर्षाने वाढायचं आणि आमचा व्हिसा त्यावर टांगलेला. मला सगळ्याचीच धास्ती — कचरा टाकायच्या ठरलेल्या वारांची, घराच्या मालकीणबाईंची, सायकलवरून जाणाऱ्या पोलिसाची.

खालच्या खोलीत क्वामे राहायचा. मूळचा घानातल्या अक्रा शहराचा. तिथे बंदराच्या वाटेवर हमाली करायचा, इथे जुन्या गाड्या तोडायच्या यार्डात. उजाडता उजाडता सायकलवर निघायचा. पावसात प्लास्टिकची पिशवी कापून अंगात घालायचा. रविवारी फोनबूथमध्ये कार्ड घालून घरी बोलायचा. ही खोली मिळायला त्याला तीन महिने लागले होते — परदेशी, त्यातून काळा, कोण देणार? माझी तांदळाची पिशवी मात्र न सांगता वर आणून ठेवायचा. मला ‘सिस्टर’ म्हणायचा.

त्या वर्षी आम्ही घरी गणपती बसवला. विसर्जन बादलीत केलं. पण निर्माल्य? जळाऊ कचऱ्याच्या पिशवीत, माशांच्या काट्यांबरोबर? माझा हात धजेना. इमारतीमागच्या झाडाच्या बुंध्याशी ते गुपचूप ठेवून आले. कावळ्यांनी दोन दिवसांत उपसलं. कुंकू माखलेला नारळ, काळी पडलेली फुलं — सगळं क्वामेच्या दाराशी.

मालकीणबाई हबकल्याच. हे आफ्रिकेतलं काहीतरी करणी-बिरणीचं, असं त्यांच्या मनाने घेतलं. हसू नका — आपल्याकडे तिठ्यावर असा नारळ दिसला तर आपणही वळसा घालतोच ना?

क्वामेला जपानी येत नव्हतं. मी क्लासला जायचे, म्हणून मध्ये बोलायला मलाच बोलावलं. दारात त्या, तो, आणि मध्ये मी.

तो इंग्रजीत म्हणाला, “सिस्टर, देवाशपथ, हे माझं नाही. त्यांना सांग ना — ही खोली गेली तर मी कुठे जाऊ?”

“काय म्हणतायत ते?” मालकीणबाईंनी विचारलं.

आणि मी जपानीत म्हणाले, “माफी मागतायत. पुन्हा असं करणार नाहीत.”

माफीने मिटेल असं वाटलं होतं का? नाही. आता तरी खोटं कशाला बोलू? मी सुटले पाहिजे, एवढंच डोक्यात होतं.

आठवड्यात खोली सोडा, असं त्या म्हणाल्या. तेही त्याला मीच सांगितलं. यार्डातल्या एखाद्या मोडक्या गाडीत झोपेन म्हणाला. मग दोन्ही हातांनी माझा हात धरला — “थँक यू, सिस्टर. माझ्यासाठी एवढं बोललीस.”

मी म्हणाले, “त्यात काय एवढं.”