टेबलाच्या दोन बाजू

अंगणातलं सागवानी टेबल उन्हापावसानं राखाडी पडलं होतं. काचपेपर घासता घासता सुतार थांबला.

"काका, ही एकच बाजू एवढी गुळगुळीत कशी?"

त्या बाजूला रोज कोपरं टेकून मी चहा पितो. बायको गेल्यापासून समोर कुणी बसलेलं नाही. माणसाचा हात लागेनासा झाला की लाकूडही लवकर म्हातारं होत असावं.

"उन्हाचा फरक असेल," मी म्हणालो.

त्यानं घासून, तेल पाजून दोन्ही बाजू सारख्या केल्या. नवख्याला वाटावं, इथं रोज दोघं बसतात.

तेल मुरल्यावर चहा घेऊन मी मुद्दाम तिच्या जागी बसलो. तिथूनही समोरची खुर्ची रिकामीच दिसली.