उंबऱ्याबाहेरचा प्याला

धोंडाबाईला किळस फार लवकर यायची. माहेरी ताटावर माशी बसली तरी ती ताट सारायची, आणि कुणाच्या घरी चहा घ्यायची वेळ आली तर पदराच्या टोकानं कपाची कड पुसल्याशिवाय ओठाला लावायची नाही. या पोरीला देवानं नाक दिलं नसतं तर हिचा संसार सुखाचा झाला असता, असं तिची आई म्हणायची.

लग्न होऊन ती आली आळेफाट्याजवळच्या एका वस्तीवर. नवरा शांतवन एसटीत कंडक्टर. घर ख्रिस्ती, तिच्या माहेरासारखंच आज्या-पणज्यापासूनचं. शांतवन निर्मळ माणूस होता; ड्यूटीवरून आला की आधी हातपाय धुवायचा, मग घरात पाऊल टाकायचा. पण त्याच्या पाठचा भाऊ सावळेराम ट्रकवर ड्रायव्हर होता, आणि धोंडाबाईच्या सगळ्या किळसेचं मूळ तो होता. तो आला की घरात डिझेल, गुटखा आणि दारू यांचा एकच वास भरायचा. एका नाताळाच्या सकाळी तिनं सारवलेल्या अंगणात तो भडाभडा ओकला आणि बाजेवर जाऊन झोपला. नवी साडी वर खोचून तिनं ते सगळं काढलं. देवळात उपासनेला बसली तरी तिच्या हाताचा वास जाईना.

वर त्याला चेष्टा सुचायची. ती चुलीपुढं प्रार्थना करताना दिसली की दारातून म्हणायचा, "वैनी, तुमचा द्येव एक का तीन? एकदा काय ते ठरवा, म्हंजे आमाला बी हाक मारायला सोपं पडंल."

धोंडाबाईला लहानपणी बायबलवर्गात शिकलेलं तोंडपाठ होतं: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, तिघे मिळून एकच देव. पित्याशी ती सकाळी चूल पेटवताना बोलायची, अन्न दे म्हणून. येशूशी दिवसभर, हातात काम असताना. पवित्र आत्म्याशी काय बोलावं हे मात्र तिला कधी कळलं नाही. जेवणाच्या शेवटी ताक यावं तसं ते नाव प्रार्थनेच्या शेवटी यायचं, आणि ती आमेन म्हणून उठायची.

शांतवन छातीच्या दुखण्यानं गेला. लेक आरती नारायणगावला दिलेली. धोंडाबाई फाट्यावरच्या गेणूशेठच्या हॉटेलात चपात्या लाटायला जाऊ लागली. सावळेराम बायको घेऊन आधीच वेगळा निघाला होता. दोन-दोन वर्षं तिला त्याचं तोंड दिसायचं नाही, आणि त्याबद्दल ती देवाचे आभार मानायची.

अठ्ठ्याण्णव साली दिवाळी झाल्यावर एक टेम्पो दारात थांबला. सावळेरामच्या मेव्हण्यांनी त्याला उचलून ओट्यावर ठेवलं, जवळ एक वळकटी टाकली. रक्तात एड्स निघालाय, त्यांनी सांगितलं. बहिणीची तपासणी झाली, ती सुटली. तिला आम्ही घोडेगावला घेऊन चाललोय. पाणीसुद्धा न घेता ते निघून गेले.

धोंडाबाई ओट्याखाली उभी राहून बघत होती. पुढं लोक म्हणायचे की तिला दया आली. तसं काही झालं नव्हतं. गालाची हाडं वर आलेली, ओठांच्या कोपऱ्यात पांढरी बुरशी, धोतर भरलेलं, आणि त्यावर माश्या. घराच्या मागं जाऊन ती ओकली, चूळ भरली, आणि परत आली तेव्हाही तो तिथंच होता. दुसरं कुणी येणार नव्हतं. तिनं पाणी तापत ठेवलं.

त्याची बाज तिनं पडवीत घातली. त्याची थाळी वेगळी केली, पेल्याला लाल दोरा बांधला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला नीट समजावलं होतं: एका ताटात जेवल्यानं, एका पेल्यानं पाणी प्यायल्यानं हा रोग लागत नाही. जखमेला हात लावताना तेवढे हातमोजे घाला. धोंडाबाईच्या डोक्याला ते कळलं होतं, घशाला कळलं नव्हतं.

दिवस काढणं म्हणजे घाण काढणं झालं. हगवण थांबत नव्हती. गोधड्या धुऊन वाळायच्या आत दुसऱ्या भरायच्या. ती नाकाला पदर बांधायची, तोंडानं श्वास घ्यायची, तरी वास जिभेवर यायचा. जेवायला बसली की वरणाच्या रंगावरून काहीतरी आठवायचं आणि ती ताट झाकून ठेवायची. चुलीपुढची प्रार्थना आता एवढीच उरली होती: बापा, याला उचल. आणि मग स्वतःचीच शिसारी यायची, की ही प्रार्थना त्याच्यासाठी नाही, आपल्या नाकासाठी आहे.

फाट्यावर बातमी पोचायला वेळ लागला नाही. गेणूशेठनं तिला हॉटेलच्या मागच्या दाराशी बोलावलं. माणूस वाईट नव्हता, त्याला सांगताना जड जात होतं. गिऱ्हाईक विचारतंय, तो म्हणाला, चपात्या कोण लाटतं म्हणून. तुमचा हात चांगला आहे मावशी, पण आता येऊ नका. बोलताना तो तिच्या हातांकडं बघत होता. आपण सावळेरामच्या थाळीकडं बघतो, अगदी तसंच. धोंडाबाईला त्याचा राग आला नाही. आपलं तोंड रोज कसं दिसत असेल ते मात्र तिला दिसलं, आणि ते तिला आवडलं नाही. घरी येऊन तिनं पेल्याचा लाल दोरा तोडून चुलीत टाकला. दुसऱ्या दिवशी आपलं पाणी त्या पेल्यात ओतलं, तोंडाजवळ नेलं, आणि न पिता खाली ठेवलं.

ईस्टरच्या आधी सावळेराम म्हणाला, त्याला प्रभुभोजनाला यायचंय. लग्नानंतर तो देवळात फिरकला नव्हता. धोंडाबाईनं त्याला अंघोळ घातली, शांतवनचा पांढरा सदरा घातला आणि रिक्षातून नेलं. देऊळ म्हणजे एक लांबोळी खोली, पत्र्याची, वर लाकडी क्रूस. दहा-बारा घरांची मंडळी. ही दोघं जिथं बसली त्या बाकाच्या पुढचे-मागचे बाक रिकामे झाले.

त्या देवळात प्रभुभोजनाच्या द्राक्षरसाचा पहिल्यापासून एकच चांदीचा प्याला होता. गुडघे टेकलेल्या ओळीपुढून पाळक तो ओठाओठाला लावत जायचे. पाळकसाहेब तरुण होते, नवीनच आलेले, आवाज गोड. त्या दिवशी प्याला उचलण्याआधी मंडळीचे पंच भिका मास्तर उठून त्यांच्या कानाशी लागले. पाळकांनी मान हलवली. भाकरीचा तुकडा सावळेरामला मिळाला, हाताला हात न लागता, वरून सोडलेला. प्याला मात्र त्याच्या आधीच्या माणसापासून त्याच्या नंतरच्या माणसाकडं गेला. त्याच्या नंतर धोंडाबाई होती. सावळेराम तोंड किंचित उघडं ठेवून वाट बघत राहिला होता. तिनं ओठ मिटून घेतले. पाळक क्षणभर थांबले आणि पुढं गेले.

शेवटी त्यांनी दोन्ही हात वर करून आशीर्वचन म्हटलं. पुत्राची कृपा, पित्याची प्रीती आणि पवित्र आत्म्याची सहभागिता तुम्हा सर्वांबरोबर असो. सर्वांनी आमेन म्हटलं. भिका मास्तरांनी सर्वांत मोठ्यानं. धोंडाबाईच्या पोटात तेच ढवळलं जे गोधड्या धुताना ढवळायचं, पण आज सावळेरामच्या अंगाला साबणाचा वास होता. तो जन्मभर जे ओकला ते तिनं काढलं होतं. हे कशानं काढायचं?

ती मंडळीला सलाम करायला थांबली नाही. दारात पाळकांना एवढंच म्हणाली, "सहभागिता म्हणजे काय ते घरी येऊन सांगा."

ते आले, चार-दोन दिवसांनी, मोटारसायकलवरून. सोबत पिशवीत भाकरी, छोट्या बाटलीत द्राक्षरस आणि घरचा एक स्टीलचा पेला. उंबऱ्यापर्यंत आले आणि थांबले. खिशातला रुमाल नाकाशी गेला. धोंडाबाईनं आत बोलावलं तेव्हा त्यांचे डोळे भरले. घरी तान्हं लेकरू आहे, ते म्हणाले, बायकोनं शपथ घातली आहे. मास्तरांनी सांगितलं तेव्हा मला नाही म्हणायला हवं होतं. मला भीती वाटली, बाई.

"भीती मला बी वाटती," धोंडाबाई म्हणाली. "किळस तर इतकी येती की सांगता येत न्हाई. पण साहेब, तुमी तिघांचं नाव घेता. बापानं उंबऱ्यावर उभं राहून हात वर केला आसता, तर आपलं काय झालं आसतं? त्यानं पोटचा पोरगा पाठवला. पोरगा आत आला, हाडामासाचा झाला, आमच्यासारखा घामेजला. आन् तिसरा तर माणसाच्या आतच राहतो म्हणता. तुमीच शिकवता हे. मग आशीर्वाद तिघांचा आन् पाय उंबऱ्याभायेर, हे कसं?"

पाळकांनी मान खाली घातली. ते आत आले नाहीत. उंबऱ्यावर उभ्यानं त्यांनी प्रार्थना केली, द्राक्षरस पेल्यात ओतला आणि पेला तिच्या हातात दिला. तो घेताना तिला त्यांच्याबद्दलही घृणा वाटली आणि थोडी कीवही.

सावळेरामच्या तोंडात जखमा होत्या. त्यानं एक घोट घेतला, अर्धा हनुवटीवरून ओघळला, बाकीचा त्याला गिळवेना. पेल्यात तळाशी अजून उरलं होतं. पवित्र केलेलं सांडायचं नसतं, ते कुणीतरी प्यायचं असतं, हे तिला ठाऊक होतं. तिनं मागं पाहिलं. पाळकांची नजर तिच्या हातातल्या पेल्यावर होती. पेल्याची कड ओली होती. तिचा हात सवयीनं पदराच्या टोकाकडं गेला आणि तिथंच थांबला. तिनं डोळे मिटले आणि पिऊन टाकलं. तोंडावर हात दाबून ती भिंतीला टेकून उभी राहिली, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि त्या पाण्यात भक्तीचा एक थेंबही नव्हता. सगळं बळ ते पोटात ठेवण्यात जात होतं. मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला तरी ती तशीच होती.

बाजेवरून सावळेराम बघत होता. तो म्हणाला, "वैनी, माझं तारण व्हईल का वो? इतक्या घाणीत?"

ती त्याच्या पायथ्याशी बसली. "बाप्तिस्म्यात तिघांची नावं तुमच्या डोक्यावर घेतली, भावजी. ते सोडत्याल असं मला वाटत न्हाई. खरं सांगू का, मला तुमच्याजवळ घटकाभर बसवत न्हाई. पन आत्मा तुमच्या आत बसलाय म्हणत्यात. त्याला कसं बसवत आसंल, मी रोज इचार करते."

सावळेराम हसला. हसताना त्याच्या ओठातून रक्त आलं, आणि ती हातमोजे शोधायला उठली. त्या दिवसापासून तिची प्रार्थना बदलली. बापा, याला उचल, हे ती म्हणत राहिली, कारण तो तळमळत होता. पण घाण काढताना आता ती तिसऱ्याशी बोलायची, बहुतेक वेळा तक्रारच: तू आत आहेस ना, मग मलाही आत राहू दे. पळून जाऊ देऊ नको. किळस गेली नाही. किळसेसकट हात पुढं जायला लागला, एवढंच.

पावसाळ्याच्या तोंडी, भर दुपारी, तिनं त्याचं तोंड पुसून कापड बाजूला ठेवलं आणि परत पाहिलं तर तो गेला होता. मयताला आंघोळ घालायला मंडळीतलं कुणी आलं नाही. भिका मास्तरांनी निरोप धाडला, प्लास्टिकमध्ये गुंडाळा. धोंडाबाईनं पाणी तापवलं. ती सदऱ्याची बटणं काढत होती तेव्हा पाळक आले. ते उंबऱ्याशी थांबले, चपला काढल्या, आत आले आणि बाह्या सारल्या. एकदा ते उठून बाहेर गेले, ओकल्याचा आवाज आला, आणि चूळ भरून परत आले. मातीच्या वेळी त्यांनी तीन नावं घेतली तेव्हा त्यांचा गोड आवाज बसलेला होता.

गोधड्या जाळल्या, पडवी फिनाइलनं धुतली, तरी वास तिच्या नाकातून वर्षभर गेला नाही. हॉटेलात तिला परत बोलावलं नाही. ती वखारीत कांदे निवडायला जाऊ लागली. पाळकांची बदली झाली. पुढच्या साली मंडळीच्या सभेत भिका मास्तरांनी ठराव मांडला, आरोग्याच्या कारणास्तव चांदीचा प्याला बंद करून प्रत्येकाला वेगळा छोटा पेला द्यावा. सगळ्यांनी हात वर केले. धोंडाबाईनं केला नाही. कुणी तिला कारण विचारलं नाही.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला सरकारी दवाखान्यात या रोगाच्या गोळ्या फुकट मिळू लागल्या, आणि माणसं लगेच मरेनाशी झाली. पण घरातली माणसं दूर सरायची ती सरायचीच. एकदा पलीकडच्या वस्तीवरची एक बाई, कडेवर पोर घेतलेली, धोंडाबाईकडं आली. नवऱ्याला हात लावायला कुणी तयार नाही, तुम्ही एकदा येऊन कसं करायचं ते दाखवा म्हणाली. धोंडाबाईनं सरळ नाही म्हटलं. मला आता ते सोसवत नाही, ती म्हणाली. बाई गेली.

संध्याकाळी धोंडाबाई भाकरी थापत होती. अर्धी थापून झाली आणि तिला ती पुढं थापवेना. तिनं पीठ झाकलं, हात धुतले, साडी वर खोचली आणि त्या वस्तीची वाट धरली. जाताना वाटेत तिघांवरही कुरकुरत होती. तिथं पोचल्यावर दारातूनच वास आला आणि तिनं नाकाला पदर बांधला.

"पाणी तापवा," ती त्या बाईला म्हणाली, "आन् मला वांती आली तर मनावर घेऊ नका."