बोंबलणारा डबा

आळंदच्या बसस्टँडमागे सिद्धरामचं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि सिद्धरामला येत नाही असं जगात काही नव्हतं. निदान त्याचं स्वतःचं मत तसं होतं. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत हा रोग सांगून मोकळा. मशीन सुरू झालं तर ती त्याची अक्कल. नाही झालं तर कंपनी हलकट, करंट कमीजास्त, नाहीतर गिऱ्हाइकाची पोरं आगाऊ. चुकून एखादी चूक त्याच्या दाराशी आलीच, तर तो तिला शेजारच्या बंडेप्पा शिंप्याच्या दारात नेऊन सोडायचा. बंडेप्पाच्या शिलाई मशीनमुळे आपला करंट हलतो, असं त्याने निम्म्या आळंदला पटवून दिलं होतं.

हा निंबर्ग्याच्या लिंगाप्पाचा धाकटा. घरात मेंढरं. अठरा वर्षांचा असताना बापाने चाळीस मेंढ्या देऊन रानात धाडलं, तर ह्या पठ्ठ्याने मेंढ्या रानातच सोडल्या, गुलबर्गा गाठलं आणि हैदराबादची गाडी धरली. मेंढ्या गावातल्याच राघोबाच्या तुरीच्या पिकात शिरल्या. उभ्या गावात कुणापुढे मान न वाकवलेला लिंगाप्पा त्या दिवशी राघोबासमोर हात जोडून उभा राहिला. तेव्हापासून त्याने ह्या पोराशी बोलणं टाकलं.

हैदराबादेत सिद्धरामने कम्प्युटरच्या दुकानात आधी खोकी उचलली, मग खोकी पुसली, मग मालक नमाजाला गेला की ती उघडून बघितली. सात वर्षांनी परत आला, आळंदला दुकान टाकलं, ज्योतीशी लग्न केलं. लग्नात लिंगाप्पा अक्षता टाकून न जेवताच निघून गेला. दुकान बघायला या म्हणून तीनदा निरोप गेले, तिन्ही वाया. ही सगळी हकिगत सिद्धराम हसत हसत सांगायचा. फक्त फार वेळा सांगायचा.

तर, दोन हजार चार साल. दुकान टाकून दोन वर्षं झाली होती. गावातल्या एका खासगी कॉलेजात बारा कम्प्युटर होते आणि बाराही गोगलगायीच्या चालीने चालत. त्यांत नवीन रॅम टाकून त्यांना पळतं करायचं होतं. कॉलेजचे सोमशेखर सर त्यातल्या एका कम्प्युटरचा डबा घेऊन सकाळीच दुकानात आले.

"हा एक करून दाखवा," सर म्हणाले. "नीट चालला तर बाराच्या बारा तुमच्याकडं, वर्षभर. न्हाई तर गुलबर्ग्याचा माणूस तयार हाय. पाच वाजता न्यायला येतो."

सिद्धराम हसला खरा, पण दुकानाला तीन महिने धड काम नव्हतं. हे काम गेलं तर शटर ओढून पुन्हा हैदराबादला खोकी उचलायला जायचं, आणि ज्योतीने तर सांगूनच टाकलं होतं की जायचं असेल तर एकट्याने जा.

त्याने डबा आडवा पाडला, झाकण काढलं, जुनी रॅमची पट्टी उपसली, आतली धूळ फुंकली. नवी पट्टी टेबलावर काढून ठेवली. एवढ्यात करंट गेला. तीनशिवाय येणार नव्हता. बाजारचा दिवस, रस्त्यावर ही गर्दी. डबा तसाच उघडा टाकून, बंडेप्पाला "जरा बघा" म्हणून, हा समोरच्या हॉटेलात जेवायला गेला.

परत आला तेव्हा दुकानात अंधारच होता. बंडेप्पा म्हणाला, "सिद्धराम अण्णा, बत्ती देऊ का?"

"बत्ती कामून? डोळे झाकून बसवतो मी!" आणि खरोखरच चाचपून त्याने जुनी आणि नवी अशा दोन्ही पट्ट्या खाचांत दाबून बसवल्या.

तीनला करंट आला. सिद्धरामने रुबाबात बटन दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच राहिला आणि डबा बोंबलायला लागला. पीं... पीं... पीं... थांबायचं नाव नाही.

सिद्धरामने पहिलं काम केलं ते म्हणजे नवी रॅम पाठवणाऱ्या हैदराबादच्या व्यापाऱ्याला फोन लावून त्याची सात कुळं उद्धरली. पलीकडून तो शांतपणे म्हणाला, "मियाँ, माल एक नंबर है. जरा खुद को देखो." मग दुकानातल्या मिणमिणत्या दिव्यात नवी पट्टी काढून नुसती जुनी लावली. सकाळपर्यंत धड चालणारी ती पट्टी, पण तीही बोंबलली. खाच बदलली. बोंब तीच. मग त्याने बंडेप्पाचं शिलाई मशीन बंद करवलं. बिचारा शिंपी कात्री घेऊन काही सांगायला आला, तर ह्याने त्याला हातानेच मागे सारलं आणि डबा बोंबलत राहिला.

चार वाजले. सिद्धरामचा सदरा पाठीला चिकटला होता. ज्योतीचा चेहरा आठवत होता, हैदराबादची खोकी आठवत होती. शेवटी, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, तो स्वतःशी म्हणाला की आपलंच काहीतरी चुकलं असेल. त्याने आतली पाटी, म्हणजे मदरबोर्ड, सोडवली आणि रस्त्यावर उन्हात नेऊन तिरपी धरली.

रॅमच्या खाचांत पिवळं पीठ ठासून भरलं होतं. त्याने बोटाला लावून वास घेतला. हळद.

"कोण हलकट आलता रे दुकानात?" तो असा ओरडला की समोरच्या हॉटेलातले लोक बाहेर आले. "हळद कुणी टाकली ह्यात?"

बंडेप्पा चाचरत म्हणाला, "हळद न्हाई अण्णा, भंडारा हाय. तुमचे वडील आलते की."

"कोण?"

"वडील तुमचे. खांद्यावर घोंगडं. 'हेच का माझ्या पोराचं?' म्हणले. आत गेले, दोन मिनटं उभारले, त्या डब्यावर अन् त्या पट्ट्यांवर भंडारा टाकले, पाया पडले, निघाले. थांबा म्हणलो तर बाजार करायचाय, साडेपाचची बस हाय म्हणले."

"मग मघाशी सांगायला काय झालतं?"

"तुमी बोलू कुठं देलाव?"

नऊ वर्षं न बोललेला माणूस मल्लण्णाचा, म्हणजे खंडोबाचा, भंडारा घेऊन दुकानात येऊन गेला होता आणि आपण समोर बसून भजी खात होतो. सिद्धरामला हसावं की रडावं कळेना. त्याने एक नवा टूथब्रश आणला, खाचा घासल्या, फुंकल्या, पट्ट्यांची सोनेरी टोकं खोडरबराने चोळून लखलखीत केली. थोडा भंडारा हातावर राहिला होता, तो झटकावासा वाटेना म्हणून कपाळाला पुसला.

पाटी परत आत कसली, बटन दाबलं. एकच छोटा पीं, आणि पडदा उजळला. पाचला सोमशेखर सर आले, सगळं उघडून, मिटून बघितलं. "उद्यापासून बाकीचे पाठवतो," म्हणाले आणि डबा घेऊन गेले.

सिद्धराम शटर उघडंच टाकून बसस्टँडकडे धावला. निंबर्ग्याची गाडी उभी होती. लिंगाप्पा खिडकीशी, घोंगडं मांडीवर घेऊन.

"अप्पा," सिद्धराम खालून म्हणाला, "दुकानात येऊन तसंच निघालाव व्हय?"

लिंगाप्पाने त्याच्याकडे बघितलं नाही. घोंगड्याची घडी सारखी करत विचारलं, "त्यो डबा उठला का?"

"उठला."

"पोटातलं समदं भाईर काढल्यालं, मेल्या मेंढीवानी आडवा पडलता. म्हणलं, पोराचं काय खरं न्हाई. म्हणून टाकलो भंडारा." मग मान वळवून, "त्यानंच उठला न्हवं?"

सिद्धरामच्या जिभेवर खाचा, सोनेरी टोकं, खोडरबर, दोन तासांचा घाम, सगळं येऊन उभं राहिलं. आपल्या कामाचं श्रेय त्याने आजवर कुणाच्या बापाला दिलं नव्हतं.

"व्हय अप्पा," तो म्हणाला. "त्यानंच उठला. आता अजून अकरा देलेत त्यांनी मला."

"अकरा?" लिंगाप्पाने कमरेची भंडाऱ्याची पिशवी काढली, आत बोट घालून बघितलं आणि काळजीने मान हलवली.

"येवढ्यात न्हाई भागायचं. पुढच्या बाजारला जास्ती घेऊन येतो."

"या अप्पा," सिद्धराम म्हणाला. "जरूर या."