जिनिंगच्या बंगल्यातले मतदार

सुगनबाई ओसवाल नगरपालिकेत मेंबर झाल्या, त्या आठवडेबाजारात बायांसाठी संडास बांधून घ्यायचा म्हणून. कापडाचं दुकान दिरावर सोडून त्या सभेला जात, विषय काढत, नि दर खेपेला ‘पुढच्या सभेत बघू’ ऐकून परत येत.

सत्तरच्या सुमारास विधान परिषदेची जागा निघाली. मतं फक्त नगरपालिकांच्या नि जिल्हा परिषदेच्या मेंबरांची. एकाएकी सुगनबाईंना भाव आला. एका उमेदवाराची जीप दारात आली, त्याचा माणूस म्हणाला, “अक्का, धुळ्याला बैठक आहे.”

बैठक कसली! धुळ्याबाहेर एका कापूस-जिनिंगच्या कारखान्याच्या बंगल्यात सगळे मेंबर कोंडून ठेवलेले. भरदुपारी बाटल्या फुटत होत्या. सुगनबाईंच्या खिडकीखाली बोकड सोलत होते, मोरीत कुणी ओकून ठेवलं होतं. सुगनबाई पक्क्या जैन, कांदाही न खाणाऱ्या. तोंडाला पदर लावून त्या फाटकाशी गेल्या, तर राखणदार सुपडू आडवा झाला.

“अक्का, बाहेर जावानं नही शे. बठ्ठास्ले तोच हुकूम शे.”

“सगळ्यांनाच हुकूम? मी काय कोंडवाड्यातलं ढोर आहे?”

मागे फिरून त्यांनी पत्ते खेळत बसलेल्या वकील मेंबरला विचारलं, “हे परिषदेचं सभागृह करतं तरी काय?”

“विधानसभेनं केलेला कायदा थोडे महिने रोखतं. पैशाचं विधेयक तर चौदा दिवसांवर अडवता येत नाही. शेवटी विधानसभा म्हणेल तेच.”

“मग त्या खुर्चीसाठी एवढी घाण?”

“आमदार म्हणवून घेता येतं, अक्का!” वकील खो खो हसला.

मतदानाच्या सकाळी प्रत्येकाला सांगितलं गेलं, पहिली पसंती आपल्या उमेदवाराला, तिसरी कुणाला लिहायची ते प्रत्येकाला वेगळं ठरवून दिलेलं. म्हणजे मोजताना चिठ्ठी कुणाची ते कळतं. गुप्त मतदानाचीही माती केलेली! सुगनबाईंनी चिठ्ठी घेतली, काहीही न लिहिता घडी घातली, पेटीत टाकली.

उमेदवार आरामात निवडून आला. नगराध्यक्षांनी सगळ्यांदेखत विचारलं, “कोरी चिठ्ठी तुमची ना?”

“माझीच. तिथल्या अन्नाला शिवले नाही, मग मत कसं देऊ?”

त्यानंतर संडासाचा विषय सभेपुढे आलाच नाही, नि सुगनबाई पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. नव्या आमदाराची मिरवणूक मात्र बाजारपेठेतून थाटात निघाली. दुकानापाशी थांबून एक कार्यकर्ता हार घेऊन आत आला. “अक्का, तुमच्या हातानं घाला साहेबांना.”

“दुकानातून उतर आधी,” सुगनबाई म्हणाल्या. “पायरी धुवायची आहे.”