आठ सिलिंडर आणि अनवाणी नाना

"आवाज काही बरा नही, भाऊ."

गाडी कोणतीही असो, चालवून खाली उतरलं की नानांचं हे वाक्य ठरलेलं. तोंड असं पाडायचे की विकणाऱ्याला स्वतःच्याच गाडीची शंका यावी. मी जुन्या गाड्या घेतो-विकतो. जीप, ट्रॅक्टर, ट्रक, सगळं. वीस वर्षं माझा अर्धा धंदा नानांच्या त्या पडलेल्या तोंडावर चालला, हे आज कबूल करतो. भाव पाडायचं काम मी करायचो, पण माझ्या आधी विकणाऱ्याचा धीर नाना पाडायचे.

तरुणपणी त्यांनी सावद्याहून दिल्लीला केळीचे ट्रक नेले. पुढे जळगावात अजिंठा रोडला पत्र्याची शेड टाकून मिस्त्रीकाम केलं. स्टिअरिंगला बसण्याआधी चप्पल बाहेर काढायचे, देवळात जाताना काढतात तशी, जोडीने. "इंजन पायले सांगस, कानले मांगून," म्हणायचे. इंजिन आधी पायाला सांगतं, कानाला नंतर. खरा अभिप्राय ते परतीच्या वाटेवर चहा पिताना द्यायचे, तोही दोन शब्दांत.

अशी अबोल, भरवशाची माणसं तुमच्याही माहितीत असतील. तीच ऐनवेळी दगा देतात, म्हणून सांगतो.

धुळ्यात कापसाची जिनिंग असलेल्या एकाच्या मुलाकडे एक परदेशी गाडी होती. दोन दारांची, गडद हिरवी, लांब नाकाची, आठ सिलिंडरची. लांबच्या प्रवासाला आरामशीर आणि मनात आणलं तर शर्यतीला तयार, अशी. मुलगा परदेशी निघाला होता. आयुष्यभर मी गाड्या विकायला घेतल्या. ही मला ठेवायची होती. पण माझ्या भावात! विकणारा सांगेल ते देणं म्हणजे पहूरहून जळगावला येऊन मी काहीच शिकलो नाही.

म्हणून आम्ही एसटीने गेलो. मी मुद्दाम कॉलर विटलेला शर्ट घातला. नानांना बजावलं, "तोंड नेहमीसारखं ठेवा."

"माले काय नवं शे?" नाना म्हणाले.

फाटकाशी चप्पल काढून ते स्टिअरिंगला बसले. मालक, म्हणजे तो मुलगा, शेजारी. मागे म्हणायला दोन सीट होत्या. त्यात मी, गुडघे हनुवटीला टेकवून. बटण दाबलं तसं इंजिन झोपमोड झालेल्या वाघासारखं गुरगुरलं आणि लगेच शांत झालं. गावातले गतिरोधक नानांनी तिरके घेतले. नाक कुठे घासलं नाही. पारोळ्याच्या रस्त्याला फागणं मागे पडलं, पुढे चौपदरी मोकळी दिसली आणि नानांनी तो अनवाणी पाय दाबला.

काय सांगू! माझं डोकं मागच्या काचेला टेकलं ते तिथंच राहिलं. काटा कुठे गेला ते लिहीत नाही, कारण हे घरी वाचलं जाणार आहे. पुढे कापसाने फुगलेला ट्रक होता. स्टिअरिंगमागची पट्टी नानांनी बोटाने ओढली, गिअर खाली आला, आवाज खर्जातून टिपेला गेला आणि ट्रक आरशात! गाडी तसूभर डुलली नाही. ब्रेक लागला तोही असा, की कोणीतरी मागून अलगद पदर धरावा.

परत आलो. नाना उतरले, तापलेल्या फरशीवर अनवाणीच उभे राहिले आणि मांडीवर थाप मारून हसायला लागले. नाना! वीस वर्षांत मी त्यांचे दात नीट पाहिले नव्हते.

"आख्खा जन्ममा अशी गाडी दखी नही! ली ले, भाऊ, ली ले!"

मालक गालात हसला. "काका, आता भाव कशाला कमी करायचा?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तडक फाटकाबाहेर पडलो. नाना मागून. बसस्टँडवर आल्यावर हळूच म्हणाले, "मनी चप्पल तथंच रही गयी."

"मेलो तरी त्या फाटकात पाय ठेवणार नाही!"

समोर चपलांचं दुकान होतं. माणसाने दुसरी घेऊन दिली असती. मी नाही दिली. बस एरंडोलला आली. मग खिडकीबाहेर बघत नाना म्हणाले, "वीस वरीस तुना संगे तोंड पाडीसन उभा ऱ्हायनू. एक डाव हासनू, ते काय चोरी करी का?"

पुढे दोन महिने शेडकडे फिरकलो नाही. गेलो तेव्हा शेडला कुलूप. शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, "नाना सुरतला गेले, मुलाकडे. डोळे अधू झाले. आता गाडी चालवायची नाही म्हणाला डॉक्टर."

म्हणजे फागण्यापुढची ती धाव त्यांची शेवटची होती.

दुसऱ्या दिवशी मी त्याच फाटकात पाय ठेवला. गाडी अजून होती, मालकाचं निघणं लांबलं होतं. त्याने सांगितलेला भाव मी मान्य केला. मालक घाबरला. "काका, घासाघीस नाही? गाडीत काही दिसलं का तुम्हाला?" मग आतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली चप्पल आणून दिली. "तुमच्या नानांची. फाटकाशीच होती."

ती शेजारच्या सीटखाली जोडीने ठेवली. फागण्याला थांबून माझेही बूट काढले. आणि खरंच, पायाला आधी कळतं! तळव्याला बारीक थरथर लागते, मग कानात आवाज येतो, मग पाठ सीटला चिकटते. वेग वाढला तसं स्टिअरिंग हातात जड, भरीव होत गेलं. रस्त्यावरचा प्रत्येक सांधा कळत होता, पण एकही टोचत नव्हता. पारोळा कधी गेलं समजलं नाही. मी एकटाच मोठमोठ्याने हसत होतो.

एरंडोलच्या अलीकडे कडेला घेतली आणि सुरतला फोन लावला.

"नाना, ऐका." फोन सायलेन्सरजवळ जमिनीवर ठेवला आणि पुढे जाऊन उघड्या दारातून हाताने ॲक्सिलरेटर दाबला. एकदा, दोनदा. मग मागे येऊन फोन कानाला लावला.

तोच जुना, पडलेला आवाज :

"आवाज काही बरा नही, भाऊ. भाव कमी कर म्हन त्याले."

"नाना! हे आता सांगता?"

पलीकडून ते फरशीवरचं हसू ऐकू आलं. थांबेचना.

मी अजून रागावलेलोच आहे. हायवेवरून गेलेल्या ट्रकवाल्यांनी मात्र एवढंच पाहिलं असेल : हिरव्या गाडीमागे एक पोट सुटलेला माणूस अनवाणी उभा आहे, फोनवर भांडतो आहे आणि डोळे पुसतो आहे.